वाचकांचे प्रश्न : घरगुती चित्रफितींचे संकलन झाल्यावर उरणारा पसारा

प्रश्न : घरातील लग्ने, बारशी, वडिलांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा असे सगळे मी मोबाइलवर चित्रित करतो आणि दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत संकलित करतो. दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आता पूर्ण भरली आहे. तिच्यात एकाच सोहळ्याच्या ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशा फाइली आहेत. शिवाय ‘कॅशेक्लिप’ नावाचे एक भले मोठे फोल्डर आहे, त्याला हात लावायची भीती वाटते. काय पुसावे आणि कोणत्या क्रमाने?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ज्या फोल्डरची आपल्याला भीती वाटते, तेच सर्वांत आधी रिकामे करण्यासारखे आहे. रंगदुरुस्ती किंवा इफेक्ट लावलेला भाग अडखळता चालू नये म्हणून रिझॉल्व्ह तो आधीच तयार करून ‘कॅशेक्लिप’मध्ये ठेवते. मूळ क्लिप आणि प्रकल्प जाग्यावर असतील, तर तो पुन्हा केव्हाही तयार होतो. प्रकल्प उघडून ‘प्लेबॅक’ मेनूतील ‘डिलीट रेंडर कॅशे’ हा पर्याय वापरावा. हे प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्रपणे करावे लागते, हे मात्र ध्यानात असू द्यावे, कारण एका प्रकल्पाचा कॅशे पुसून जागा फारशी मोकळी झाली नाही म्हणून अनेक जण तिथेच नाद सोडतात.

त्यानंतर ‘ऑप्टिमाइझ्ड मीडिया’ आणि प्रॉक्सी यांच्याकडे वळावे. मोबाइलचे चित्रीकरण अतिशय दाबून साठवलेले असते आणि ते उलगडताना संगणकाला धाप लागते. म्हणून प्रोग्राम त्याची हाताळायला सोपी अशी दुसरी प्रत बनवतो, आणि ही प्रत मुळापेक्षा कित्येक पट मोठी असू शकते. एक उदाहरण देतो. आयफोनवर १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम या दराने हाय एफिशियन्सी पद्धतीने केलेले तासाभराचे चित्रीकरण ४ जीबीच्या आसपास जागा घेते. त्याचेच प्रोरेस ४२२ या संकलनाला सोप्या स्वरूपात रूपांतर केले, तर ते ६५ जीबीच्या वर जाते. आपली डिस्क चित्रीकरणाने भरली असे आपल्याला वाटते आहे. माझा अंदाज असा की ती बहुतांशी अशा मधल्या प्रतींनी भरलेली असावी. मात्र त्या पुसण्यापूर्वी मूळ क्लिप खरोखरच डिस्कवर आहे आणि शेवटपर्यंत चालते, एवढे पाहून घ्यावे. मूळ क्लिप कधीच हरवलेली आणि प्रॉक्सी तेवढी शिल्लक, असेही घडते. तसे असेल तर ती प्रॉक्सीच आता मूळ झाली आहे.

‘फायनल’ फाइलींचा गुंता नावावरून सुटणार नाही. प्रत्येकीची लांबी, रेझोल्यूशन आणि तयार झाल्याची तारीख पाहावी. पहिल्या नजरेत सारख्या वाटणाऱ्या दोन फाइलींत चार-पाच सेकंदांचा फरक दिसला, तर एकीत बहुधा कुणाचे तरी नाव दुरुस्त केलेले असते किंवा आभाराची पाटी जोडलेली असते. जी प्रत आपण खरी मानणार, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून मगच बाकीच्या काढाव्यात. पुढे घेऊन जात, मधले मधले पाहणे पुरेसे नाही. एक्सपोर्ट करताना मध्येच आवाज गेलेला किंवा एखादी क्लिप काळी पडलेली असली, तर ती अशा पाहण्यात नेमकी निसटते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत कितीही सुबक दिसली तरी ती मास्टर, म्हणजे जपून ठेवायची खरी प्रत, समजू नये, कारण पाठवतानाच तिचा दर्जा उतरवला जातो. मास्टरचे नाव वर्षापासून सुरू करावे, मग महिना, मग दिवस, आणि शेवटी प्रसंग. म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात आणि ‘नवीन’, ‘खरी’ अशा विशेषणांची गरज उरत नाही.

मूळ चित्रीकरणाच्या बाबतीत माझे मत बऱ्याच जणांना काटकसरीचे वाटणार नाही. संकलनात न वापरलेल्या क्लिप म्हणजे टाकाऊ माल, हा व्यावसायिक हिशेब घरच्या चित्रीकरणाला लागू पडत नाही. सहस्रचंद्रदर्शनाच्या दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये औक्षण आणि वडिलांची तुला येते. परंतु पंगतीत बसून वडील आपल्या भावाशी शेतीच्या वाटणीवरून हुज्जत घालतात, ती डळमळती क्लिप बाहेर राहते. पुढे घरच्यांना बघावीशी वाटेल ती हीच. लेन्सवर बोट असलेले, खिशात कॅमेरा चालू राहिलेले, जमिनीचे अर्धा तास चित्रीकरण झालेले निर्धास्तपणे काढावे. जिथे माणसाचा चेहरा किंवा आवाज आहे तिथे हात आखडता घ्यावा. जागा वाचवण्यासाठी मूळ क्लिप पुन्हा दाबण्याचा मोहही टाळावा. त्या आधीच दाबलेल्या असतात; दुसऱ्यांदा दाबल्याने तपशील जातो, शिवाय काही साधनांत चित्रीकरणाची तारीखही पुसली जाते.

आता एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही, पण आपल्या प्रश्नातील सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. रिझॉल्व्हचे प्रकल्प क्लिपच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये साठवले जात नाहीत. ते प्रोग्रामच्या स्वतःच्या प्रोजेक्ट लायब्ररीत असतात, आणि विंडोजवर ही लायब्ररी सहसा सी ड्राइव्हवर असते. त्यामुळे संगणक दुरुस्तीला दिला आणि तिथे तो फॉरमॅट झाला, की बाहेरच्या डिस्कवरील क्लिप सुरक्षित राहूनही महिनोन्‌महिन्यांचे संकलन नाहीसे होते. म्हणून संपलेला प्रत्येक प्रकल्प डीआरपी फाइल म्हणून एक्सपोर्ट करून त्या सोहळ्याच्या फोल्डरमध्ये ठेवावा. तिच्यात क्लिप नसतात, त्यामुळे ती अगदी लहान असते. क्लिपसकट सगळे एकत्र बांधून ठेवायचे असेल तर ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ वापरावे, त्याने डीआरए नावाचे फोल्डर तयार होते.

हे सारे पुसण्याचे काम, आवश्यक ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यानंतरच हाती घ्यावे. गूगल फोटोजवर चित्रीकरण आहे म्हणून कुणी निश्चिंत असेल तर त्याने आपली सेटिंग पाहावी: ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेले असल्यास ४के चित्रीकरण तिथे १०८० पिक्सेलवर आणलेले असते. तसेच संगणकाशी जुळवून ठेवलेल्या क्लाउड फोल्डरमधून एखादी फाइल पुसली, की ती क्लाउडवरूनही जाते. त्याला दुसरी प्रत म्हणता येणार नाही.

प्रश्न : मी प्रीमियर प्रो वापरते. नव्या डिस्कवर सगळी फोल्डरे हलवली आणि ‘आयएमजी’, ‘एमव्हीआय’ अशा निरर्थक नावांऐवजी क्लिपना नीट नावे दिली. आता जुना प्रकल्प उघडला की सर्वत्र लाल पाटीवर ‘मीडिया ऑफलाइन’ दिसते. त्यातच माझा संगणकही बदलला असून शीर्षकांत मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे आली आहेत. प्रकल्प बिघडला का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रकल्प शाबूत आहे. प्रकल्पाच्या फाइलीत क्लिप नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. फोल्डर हलवल्याने पत्ता बदलतो, एवढे सहज निस्तरता येते: ‘लिंक मीडिया’ निवडून एक क्लिप दाखवून दिली, की त्याच रचनेतील उरलेल्या क्लिप प्रीमियर बहुतेक वेळा स्वतःच शोधून घेते. आपली खरी अडचण नावे बदलल्यामुळे झाली आहे, कारण शोध प्रामुख्याने नावावरूनच चालतो. कॅमेऱ्याने दिलेली नावे जुन्या डिस्कवर किंवा कार्डावर अजून असतील, तर ती प्रत जशीच्या तशी नव्या डिस्कवर आणून तिच्याशी जोडणी करणे हा सर्वांत सोपा मार्ग. नसतील, तर शोधताना नाव जुळवण्याची अट काढून, क्लिपच्या लांबीवरून ओळखून एकेक क्लिप हाताने जोडावी लागेल. वेळखाऊ काम आहे, पण होते.

यापुढे क्लिपचे नाव कॅमेऱ्याने दिले तेच राहू द्यावे आणि अर्थ फोल्डरच्या नावात घालावा. कॅमेऱ्याची क्रमांकमोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तर दोन कार्डांवर एकाच नावाच्या दोन वेगळ्या क्लिप येऊ शकतात. म्हणून प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र फोल्डर असावे, एकातच सारे ओतू नये.

शीर्षकांचे म्हणाल तर तो फॉन्टचा प्रश्न आहे. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी युनिकोड पद्धत येण्यापूर्वीच्या, फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आत रोमन अक्षरे आणि चिन्हे म्हणूनच साठवलेला असतो. त्यांना देवनागरीचे रूप तो विशिष्ट फॉन्ट देतो. फॉन्ट नव्या संगणकावर नाही, म्हणून आतला मजकूर उघडा पडला. तोच फॉन्ट बसवला की शीर्षके पूर्ववत होतील. पण जो प्रकल्प पुढे कधी उघडायचा आहे, त्यातील शीर्षके नोटो सान्स देवनागरीसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये एकदा नव्याने टंकून घेणे शहाणपणाचे ठरेल. प्रीमियरमधील ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ वापरलेल्या क्लिप एका जागी गोळा करून देतो, फॉन्ट मात्र देत नाही. तेव्हा फॉन्टची फाइल आणि पार्श्वसंगीताची मूळ फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आपणच ठेवावी. संगीत नेमके ‘डाउनलोड्स’मधून थेट टाइमलाइनवर ओढलेले असते आणि ‘डाउनलोड्स’ साफ करताना जाते.

जाता जाता: नव्या संगणकावरही सी ड्राइव्ह लवकरच भरू लागेल. प्रेफरन्सेसमधील ‘मीडिया कॅशे’ या भागात जाऊन कॅशेची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर न्यावी आणि ठरावीक दिवसांनंतर जुना कॅशे आपोआप पुसण्याचा पर्याय चालू करावा. ‘ऑटो सेव्ह’चे फोल्डर मात्र प्रकल्प संपेपर्यंत पुसू नये.

प्रश्न : ट्रेकचे चित्रीकरण गोप्रोवर आहे आणि त्याआधीचे काही वर्षांचे जुन्या हँडीकॅमवर. गोप्रोच्या कार्डावर एमपी४ खेरीज एलआरव्ही आणि टीएचएम फाइली दिसतात. हँडीकॅमच्या कार्डावर फोल्डरात फोल्डर आणि सर्वांत आत एमटीएस फाइली. फक्त कामाच्या फाइली उचलून बाकी पुसल्या तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गोप्रोच्या बाबतीत चालेल, हँडीकॅमच्या बाबतीत नाही. एलआरव्ही ही कमी दर्जाची प्रत आणि टीएचएम हे छोटे चित्र. दोन्ही पुसल्याने मूळ चित्रीकरणाला धक्का लागत नाही. लांबलचक चित्रीकरण गोप्रो तुकड्यांत विभागते आणि तुकड्याचा क्रमांक नावातील पहिल्या दोन अक्षरांनंतर लगेच येतो, चित्रीकरणाचा क्रमांक शेवटी. त्यामुळे नावाप्रमाणे लावल्यास एकाच चढाईचे तुकडे विखुरलेले दिसतात. ते शेवटच्या चार अंकांवरून जुळवावेत.

हँडीकॅमचे एव्हीसीएचडी (एमटीएस फाइली ज्यात असतात ते स्वरूप) चित्रीकरणही लांब असले की अनेक एमटीएस फाइलींत तुटते, आणि ते तुकडे कसे जोडायचे याची माहिती आजूबाजूच्या फोल्डरांतील छोट्या फाइलींत असते. नुसत्या एमटीएस उचलल्या, तर दोन तुकड्यांच्या सांध्यावर आवाज किंवा चित्र क्षणभर तुटण्याची शक्यता राहते. म्हणून कार्डावरील ‘प्रायव्हेट’ हे सर्वांत बाहेरचे संपूर्ण फोल्डर आहे तसे उतरवावे, दोन ठिकाणी ठेवून तपासावे आणि मगच कार्ड संगणकावर नव्हे तर त्या त्या कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. छोट्या फाइली ठेवल्याने जाणारी जागा नगण्य आहे.