गोल्फ: दुरुस्तीसाठी आखलेल्या पांढऱ्या रेषेच्या आत गेलेला बॉल सापडला नाही, तर पेनल्टी बसते का?

पेनल्टी (मोजणीत धरला जाणारा जादा फटका) नाही बसत, पण एका अटीवर. बॉल रेषेच्या आतच आहे हे ठाऊक हवं, किंवा निदान 95 टक्के खात्री हवी (नियम 16.1ई). सोबतचा खेळाडू ‘सापडला नाही म्हणजे हरवला’ म्हणत असेल, तरी ते मग लागू होत नाही.

वाद होतो तो या खात्रीवरूनच. कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या मदतनीसाने) बॉल आत टप्पा घेताना पाहिला आणि भोवतीचं गवत आखूड असेल, तर प्रश्न नाही. पण गोव्यात पाऊस सरल्यावर रेषेबाहेरही पोटरीएवढं गवत असतं. बॉल तिथेही दडलेला असू शकतो. मग तो हरवलाच, एक पेनल्टी घेऊन आधीच्या जागेवरून परत मारायचा. म्हणून शंका आली की पुढे चालू लागण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता बॉल) असं सांगून दुसरा बॉल मारून ठेवा. शोधायला 3 मिनिटं. 5 मिनिटं 2019च्या आधी होती.

आता ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून सोडून खेळात आणणं. बॉल आत कुठे असेल याचा अंदाज बांधायचाच नाही. त्याने रेषा शेवटची जिथे ओलांडली तिथे तो आहे असं धरा. होलच्या जवळ न जाता बॉल, पाय आणि स्विंग तिन्ही रेषेबाहेर येतील अशी सर्वांत जवळची जागा काढा. ती रफमध्ये (वाढलेल्या गवतात) निघाली तर तुमचं नशीब, फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) निवडता येत नाही. तिथून एक क्लबलांबी (होलजवळ बॉल ढकलायचा पटर सोडून पिशवीतला सगळ्यात लांब क्लब), त्या टापूत गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप. दोनदा बाहेर घरंगळला, तर दुसऱ्या ड्रॉपला जिथे टेकला तिथे हाताने ठेवा. ओलांडल्याची जागा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) असेल तर फुकट सुटका, म्हणजे पेनल्टीविना ड्रॉप, बंकरमध्येच. बाहेर यायचं तर एक पेनल्टी.

ड्रॉप केल्यावर पहिला बॉल सापडला, तरी तो मारू नका. चुकीचा बॉल ठरतो, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन पेनल्टी.

रेषा नसली तरी माळ्यांनी उचलून न्यायला रचलेला चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) ढीग दुरुस्तीची जागाच मानतात. एकटंच पडलेलं चुडत मात्र नाही. ते उचलून बाजूला करा, बॉल न हलवता. रेषेच्या आत मूळ असलेल्या माडावर बॉल अडकला तरी तो आतच. साचलेल्या पावसाच्या पाण्यालाही हाच नियम. लाल किंवा पिवळ्या खुंट्यांनी दाखवलेल्या पेनल्टी एरियात (तळं, ओढा अशा जागी) मात्र यातली कुठलीच फुकट सुटका मिळत नाही.