सगळं कायद्यानेच होत असेल, तर त्याला हुकूमशाही कसं म्हणायचं?

खानापूरहून विचारलंय की निवडून आलेलं सरकार बहुमताने कायदा करतं, पटला नाही तर कोर्ट आहेच, मग बिघडतं कुठे?

तारखांत. कोर्ट कायदा रद्द करेपर्यंत त्या कायद्याचं काम होऊन गेलेलं असतं.

हंगेरीत २०१० साली व्हिक्टर ऑर्बान यांच्या फिदेस पक्षाला सुमारे ५३ टक्के मतं आणि दोन तृतीयांश जागा मिळाल्या, म्हणजे घटना बदलायला दुसरं कुणी लागेना. घटनात्मक न्यायालयावर माणसं नेमताना विरोधकांची संमती लागायची, ती अट गेली आणि तिथले न्यायाधीश ११ चे १५ झाले. २०१२ पासून बाकी न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामुळे वरच्या पदांवरची जुनी माणसं एकदम घरी गेली. त्याच वर्षी आधी देशातल्या आणि नोव्हेंबरात युरोपीय संघाच्या न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. तोवर महत्त्वाच्या खुर्च्या भरल्या होत्या.

आपल्याकडचं १९७५ चं उदाहरण तर याहून बारकाईने पाहण्यासारखं आहे. १२ जूनला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, २५ जूनला आणीबाणी आली. पण खरी कारागिरी ऑगस्टची. उमेदवार होण्याआधी केलेलं निवडणुकीतला गैरप्रकार ठरत नाही, मग उमेदवारी कधीपासून धरायची? हायकोर्टाने २९ डिसेंबर १९७० धरली होती. निवडणूक कायद्याच्या दुरुस्तीने ती अर्ज भरल्यापासून, म्हणजे १ फेब्रुवारी १९७१ पासून झाली. पंतप्रधानांच्या सचिवालयातले अधिकारी यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना इंदिरा गांधींच्या प्रचारात होते, हा आक्षेप होता. तर राजीनाम्याची राजपत्रात छापलेली तारीखच अंतिम, असं ठरवलं. सगळं पूर्वलक्षी. वर ३९वी घटनादुरुस्ती, की पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टाने हातच लावायचा नाही. तिच्यावर राष्ट्रपतींची सही १० ऑगस्टला, सुप्रीम कोर्टात सुनावणी ११ ला! नोव्हेंबरात कोर्टाने घटनादुरुस्तीतलं ते कलम उडवलं, पण निवडणूक वैध ठरली, कारण बदललेला निवडणूक कायदा टिकला.

म्हणून विधेयकाच्या नावावर आणि उद्देशावर जाऊ नका. लागू कधीपासून, नेमणूक आणि हकालपट्टी कुणाच्या हातात, ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ हे बाकी कायद्यांवर मात करणारं वाक्य कुठे आहे, आणि आधी केलेल्या कृती वैध मानणारं कलम आहे का, एवढं आधी बघा.

सीमाभागात याच यंत्राचा लहान नमुना दिसतो. (बेळगावात हुकूमशाही आहे असं माझं म्हणणं नाही.) २००५ मध्ये महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केल्यावर महापालिका बरखास्त झाली; निवडून आलेलं सभागृह बरखास्त करण्याचा अधिकार राज्याला कायद्यानेच दिलेला आहे. जमावबंदीचंही तसंच. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी असो की महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, मनाई आदेश आदल्या संध्याकाळी निघाला तर कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जाईपर्यंत दिवस उलटतो, आणि मग याचिकेत मुद्दाच उरत नाही.

त्यामुळे परवानगीचा अर्ज महिनाभर आधी लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तारखेची वाट न बघता याचिका टाका. आदेश निघालाच तर प्रत मागा. जमावबंदीच्या जुन्या कलम १४४ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. आदेश दोन महिन्यांपुरताच असतो, राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. एकापाठोपाठ तेच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर, आणि आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलंय. ज्याच्यावर आदेश लागू होतो त्याला त्याच दंडाधिकाऱ्याकडे तो मागे घेण्याचा अर्ज करता येतो. हा अर्ज सहसा कुणी करत नाही. पण तो फेटाळायचा तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि हायकोर्टात बोट ठेवायला तोच कागद लागतो.