शब्दांची लिस्ट जरा बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

तुझी इंग्रजी शब्दांची लिस्ट बघितली. ए पासून सुरुवात, समोर मराठी अर्थ, पाठ झालं की टिकमार्क. मेहनत दिसतेय, पण अशाने 'अ‍ॅबरंट', 'अबेट', 'अ‍ॅब्जेक्ट' सगळे डोक्यात एकमेकांत मिसळणार. सारखे दिसणारे शब्द एकाच बैठकीत घेऊच नकोस.

आणि अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला असं नसतं रे. 'नोटोरियस'पुढे तू 'प्रसिद्ध' लिहिलंयस, उद्या एखाद्या चांगल्या सरांबद्दल वापरशील आणि पंचाईत होईल, कारण तो शब्द वाईट गोष्टीसाठी गाजलेल्या माणसाला लावतात. 'मिटिगेट'पुढे नुसतं 'कमी करणे' लिहिलंस, पण रिस्क मिटिगेट करतात, नुकसान मिटिगेट करतात, किंमत किंवा वजन कोणी मिटिगेट करत नाही. शब्द कोणासोबत फिरतो ते बघ आणि वहीत अर्थाऐवजी अख्खं वाक्य लिही, शक्यतो स्वतःच्या आयुष्यातलं. जीआरई या परदेशातल्या पुढच्या शिक्षणासाठीच्या प्रवेश परीक्षेवाल्यांनीसुद्धा २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले, आता शब्दांच्या प्रश्नांत वाक्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात, तिथे नुसती पाठ केलेली लिस्ट फारशी कामाला येत नाही.

लॅटिन मुळं शिकलास तर मजा येईल. 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट, एवढ्यावर बेनेव्होलंट, मॅलेव्होलंट, बिनाइन, मॅलाइन चारही लक्षात राहतात. पण अति विश्वास नको, 'मॅलेट' म्हणजे साधी हातोडी, तिच्यात वाईट काहीच नाही, ती हातोड्याच्या लॅटिन शब्दावरून आलीय.

उजळणीचं म्हणशील तर, एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, आणि एका दमात रट्टा मारण्यापेक्षा थोडं थोडं अंतर ठेवून केलेलं जास्त टिकतं. अँकी नावाचं फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप हेच करतं, फुकट आहे कॉम्प्युटरवर. फक्त कार्ड उलटायच्या आधी उत्तर मनात आठव, नुसतं वाचत बसलास की सगळं येतंय असं वाटतं आणि येत काहीच नसतं.

आणि हो, शिकलेले सगळे शब्द एकाच निबंधात कोंबू नकोस, फार केविलवाणं दिसतं ते.

रविवारपर्यंत लिस्टमधले कुठलेही पाच शब्द घेऊन पाच वाक्यं पाठव, डिक्शनरीतली उचललेली चालणार नाहीत.

तुझा,
दादा