भाड्याची फोर्कलिफ्ट: तपासणी कोणाची जबाबदारी?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत आमचे बेदाण्याचे शीतगृह असून तेथे २२ कामगार आहेत. पेट्यांच्या चढ-उतारासाठी आम्ही ठेकेदाराकडून ऑपरेटरसह फोर्कलिफ्ट भाड्याने घेतली आहे. गाडी त्याची, ऑपरेटर त्याचा आणि सर्व्हिसिंगही तोच करतो. मग तपासणीची काळजी आपण का वाहायची, असे माझ्या भागीदारांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही. शीतगृहात माल साठवणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत उत्पादन प्रक्रियाच आहे, म्हणजे तुमचे शीतगृह कारखान्यातच मोडते, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेचे कलम ६ कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकते. भाडेकरारात काहीही लिहिले असले, तरी तुमच्या आवारात तुमचा माल उचलणाऱ्या यंत्राकडे तुम्हाला परके म्हणून पाहता येणार नाही.

माल उचलणाऱ्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून, म्हणजे सरकारमान्य तपासनीसाकडून, १२ महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी करून तिची नोंद ठेवावी, ही पद्धत १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने घालून दिली. त्या कलमाच्या व्याख्येत क्रेन, विंच, कप्पी यांची नावे आहेत, फोर्कलिफ्टचे नाही, आणि काही मालक या शब्दावर बोट ठेवतात. मला हा युक्तिवाद धोकादायक वाटतो, कारण पेट्यांची थप्पी माणसाच्या डोक्यावरून नेणारे यंत्र व्याख्येत बसते की नाही, यावर खाली उभ्या असलेल्या हमालाचा जीव अवलंबून ठेवता येत नाही.

सर्व्हिसिंग म्हणजे तपासणी नव्हे, हा फरक तुमच्या भागीदारांना जरूर दाखवा. ऑइल बदलले, ग्रीस भरले, गाडी सुरळीत चालू लागली, की सर्व्हिसिंग झाले. तपासणारा मात्र फोर्क, म्हणजे माल उचलणारा पुढचा पोलादी दाता, जिथे वळतो त्या टाचेजवळ जाडी मोजणारा व्हर्नियर कॅलिपर लावतो. फरशीवर घासून घासून तिथली मूळ ४० मिलिमीटर जाडी ३६ वर आली, की तो फोर्क बाद करायचा असतो; जाडी दहा टक्क्यांनी घटली तरी ताकद मात्र सुमारे वीस टक्क्यांनी घटते. फोर्क वर उचलणारी चेन मूळ लांबीपेक्षा ३ टक्के वाढली की तीही बदलावी लागते. या दोन्ही गोष्टी गाडी चालवताना कळत नाहीत.

शीतगृहात तर दाराशी ओल साचून फरशी निसरडी होते आणि थंडीत बॅटरीची क्षमता घटते, त्यामुळे वार्षिक दाखल्याच्या जोडीला रोज पाळी सुरू होण्यापूर्वी ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, टायर आणि हायड्रॉलिकची गळती पाहून ऑपरेटरने तपासणीच्या वहीत सही करावी. मात्र त्याने दोष लिहिला तर गाडी थांबवण्याचा अधिकार त्याला खरोखर असला पाहिजे. नाहीतर ती वही केवळ सह्यांची उरते. म्हणून नव्या करारात तपासणीच्या दाखल्याची प्रत मिळाल्याशिवाय गाडी फाटकातून आत येणार नाही, अशी अट घाला, आणि दोष निघाल्यास दुरुस्ती होईपर्यंत गाडीची चावी आपल्या सुपरवायझरकडे ठेवा.