आज्जीच्या हाताखाली बस

कोल्हापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

निपाणीच्या आज्जीचं मुरगळ काढायचं, हाड बसवायचं सगळं ज्ञान व्हिडिओत धरून ठेवणार, असं लिहिलंयस. कर. पण पहिले चार महिने मोबाईल पिशवीतच राहू दे.

मी तरुणपणी उलटं केलं. तालमीत वस्तादांकडून मालीश शिकताना वही भरली: कुठली शीर, किती दाब, हौदातल्या तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल किती. एकदा एक पैलवान खांदा धरून आला, तेव्हा वहीतलं एक पानसुद्धा बोटांत उतरेना. वस्तादांनी नुसता तळवा ठेवला, जरा थांबले आणि म्हणाले, "हे आपलं काम न्हवं. फोटो काढून आण जा." गळ्याजवळचं हाड मोडलेलं निघालं. ते थांबणं मी वहीत कुठंच लिहिलं नव्हतं.

म्हणून आधी तिच्यापुढं तुझाच पाय टाक. ती कुठं दाबते यापेक्षा कुठं हात हलका करते, ते अंगावर घे. कानडीत "यल्ली नोवु?", म्हणजे कुठं दुखतंय, असं विचारून ती लगेच मराठीत "हितं दुखतंय न्हवं?" म्हणते, ते तस्संच शिक. १९५६ साली निपाणी म्हैसूर राज्यात गेली, कोगनोळीपाशी हद्द आली, तरी मुरगळलेले पाय दोन्हीकडून तिच्या सोप्यात येतच राहिले. कण्हणाऱ्याला त्याच्या बोलीत विचारलं की अंग सैल पडतं, आणि सैल अंगातच बोटांना नेमकी जागा सापडते.

एका बाबतीत मात्र गप्प बसू नकोस, मान राखायचा म्हणूनसुद्धा नको. ताजी मुरगळ असेल तर पहिले दोन-तीन दिवस चोळायची नाही, सूज वाढते. हाडाला आधार म्हणून बांबूच्या कामट्या बांधल्या की रोग्याची बोटं बघत राहायची. ती गार, निळसर, बधिर पडली किंवा ठणका वाढतच चालला, तर बंध लगेच सोडायचा आणि दवाखाना गाठायचा. आत दाब साठून रक्त पोचत नाही. काही तासांत स्नायू मरतो, हात जन्माचा जातो. हे कॉलेजात शिकलीयस, तिलाही सांग. सांगताना "चुकतंय" म्हणू नकोस, रोग्याची बोटं तिच्या हातात दे. गारवा तिला तुझ्याआधी कळेल.

रविवारी जाणार ना? नखं कापून जा.

तुझा
काका