वाचक विचारतात: आपोआप वाजणारी मंत्रपेटी, चक्कर आणणारं बाथरूम आणि न विझणारा बल्ब

प्रश्न: नमस्कार दादा, आमच्या देवघरात मंत्रांची छोटी पेटी आहे, प्लगला लावायची, लाल-निळे लाइट लागतात ती. सासरे होते तोवर पहाटे तेच लावायचे आणि रात्री बोर्डावरचं बटण बंद केल्याशिवाय झोपायचे नाहीत. दिवाळीच्या आधी ते गेले. आता सासूबाई झोपताना पेटीवरचं बारकं बटण दाबून बंद करतात, तरी अधूनमधून मध्यरात्री ती आपोआप सुरू होते, आणि दरवेळी गायत्री मंत्रच लागतो, जो सासऱ्यांचा आवडता. ओळखीतल्या एका महाराजांनी सांगितलं की त्यांचा जीव पेटीत अडकलाय, बंधन करावं लागेल, एकवीस हजार खर्च, नाहीतर वर्षाच्या आत घरातलं अजून एक माणूस जाईल. मिस्टर हसण्यावारी नेतात, सासूबाई रडतात, मी मधल्या मधे. काय करू? (एक सूनबाई, सांगली)

उत्तर: ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त महाराजांनी तेवढं विचारलं नाही. सासरे पेटी बोर्डावरून बंद करायचे, सासूबाई पेटीवरच्या बटणाने करतात. बोर्डावरून बंद केली की वीजच तुटते, मग पेटी वाजणार कशी. पेटीवरचं बटण दाबलं की ती नुसती गप्प बसते, आत वीज चालूच असते. आता रात्री दोन मिनिटं लाइट गेली आणि परत आली की यातल्या बऱ्याच पेट्यांना आपण बंद होतो हे आठवतच नाही, नवीन चालू केल्यासारख्या पहिल्या मंत्रापासून सुरू होतात. तुमच्या पेटीत पहिला मंत्र गायत्री आहे का बघा. घरात इन्व्हर्टर असेल तर लाइट गेलेली कळतही नाही, पंखा फिरतच राहतो, पण वीज बदलताना जी क्षणभराची गॅप पडते ती अशा स्वस्त वस्तूला पुरते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. सासूबाईंना समोर बसवा, त्यांच्याच हाताने पेटी बारक्या बटणाने बंद करा, मग बोर्डावरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. पेटी वाजली तर विषय संपला. नाही वाजली तर बारकं बटण खराब असेल, पेटीत ओल गेली असेल, देवघर आहे, समई, पाणी, अगरबत्तीचा धूर सगळं तिथेच असतं, मग सरळ नवीन पेटी आणा. आणि पुढच्या वेळी रात्री वाजली की आधी मायक्रोवेव्ह असेल तर त्याचं घड्याळ बघा, वेळ पुसली गेली असेल तर लाइट जाऊन आलीय.

सासूबाईंचं रडणं मात्र पेटीबद्दल नाहीये, ते कळतंय ना? आयुष्यभराचं माणूस गेलंय आणि त्यांच्या आवडीचा मंत्र अंधारात कानावर येतोय, कुणीही हलेल. वर्षश्राद्ध करायचं असेल तर जरूर करा, श्रद्धेने करा, त्याला माझा काहीच विरोध नाही. पण ते सासऱ्यांच्या आठवणीसाठी करा, पेटीला घाबरून नको.

आणि त्या महाराजांना एक रुपया देऊ नका. "अजून एक माणूस जाईल" हे वाक्य म्हणजे सरळ सरळ धमकी आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. भुताखेताची भीती घालून घबराट निर्माण करणं, चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. घरची पूजा, कीर्तन, वारी यांना हा कायदा हातही लावत नाही, तेव्हा "धर्माच्या विरोधातला कायदा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महाराज मागे लागले तर पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज द्या.

प्रश्न: नाशिकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. अंघोळीला गेलं की बायकोचं डोकं जड होतं, मुलगी गेल्या अमावास्येला आत चक्कर येऊन पडली. वास्तूवाले म्हणाले दिशा चुकीची आहे, खडेमिठाची वाटी ठेवा. ठेवली, फरक नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, थंडीमुळे खिडकीला पुठ्ठा लावलाय. (एक वाचक)

उत्तर: या वाचकांना पत्र मिळाल्या दिवशीच फोन केला, इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी. गिझर आत्ता बंद करा आणि पुठ्ठा काढा. बंद खोलीत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही. सिलेंडर गळला तर वास येतो कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो, इथे तशी काहीच सूचना मिळत नाही, आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस पडतो, आणि कडी आतून लावलेली असते. मीठ हा वायू शोषत नाही. दर हिवाळ्यात यात माणसं जातात.

१९२१ साली विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत छापली होती, घरात पावलं वाजायची, माणसं दिसायची, सगळे आजारी, झाडंसुद्धा मरगळलेली. भट्टी खराब होती, तिचा धूर घरात पसरत होता. दुरुस्त केली, सगळं थांबलं.

गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी लावून घ्या. मालक ऐकत नसेल तर तोवर चुलीवर पाणी तापवा, खरंच. मुलीला डॉक्टरांकडे न्या आणि "घरात गॅस गिझर आहे" हे आधी सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी नॉर्मल आकडा दाखवू शकतं, त्यावर जाऊ नका. कुणी आत पडलं तर दार तोडा, उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा.

प्रश्न: स्टेअरकेसचा एलईडी बल्ब बंद केला तरी रात्रभर मंद जळतो. आईने होल्डरला लिंबू-मिरची बांधलीय.

उत्तर: लिंबू आधी काढा, पण मेन स्विच बंद करूनच! बरेचदा वायरमनने बटणातून फेजऐवजी न्यूट्रल घेतलेला असतो, म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट असतोच. एलईडीला जळायला इतका कमी करंट लागतो की तेवढ्यावरही तो मिणमिणतो. कधी बटणातल्या लाल इंडिकेटरमुळेही असं होतं, ते फारसं काळजीचं नाही. कुठलं आहे ते वायरमन टेस्टर लावून लगेच सांगेल. तोवर मेन स्विच बंद केल्याशिवाय बल्ब बदलायलाही शिडीवर चढू नका, आणि आईला तर अजिबात चढू देऊ नका.