नियम शिथिल झाले की लहान कारखानदाराचे आणि त्याच्या कामगाराचे नेमके काय होते?

तुम्ही विचारले आहे की, वडिलांचा प्रेसपार्ट (यंत्राने पत्रा दाबून केलेले सुटे भाग) बनवण्याचा लहान कारखाना आहे, १२ माणसे कामाला आहेत आणि सरकार कामगार कायद्यांतले नियम शिथिल करत असल्याच्या बातम्या येत आहेत. याचा लहान उद्योगाला खरोखर फायदा होतो का आणि कामगाराचे त्यात काय होते. मी गेली एकवीस वर्षे नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांची हजेरीपत्रके, पगारपत्रके, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) यांची कामे पाहतो. माझे पैसे मालक देतात, पण पगारातली कपात समजून घ्यायला कामगार माझ्याच टेबलापाशी येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोलणे कानावर पडत असते. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पहिली गोष्ट अशी की, ‘नियम शिथिल करणे’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामे चालतात. एका कामात कागद कमी होतात, दुसऱ्यात माणसे कायद्याबाहेर जातात. चर्चेत ही दोन्ही एकत्र केली जातात आणि मग बाजूने बोलणारा कागदांची उदाहरणे देतो, विरोधात बोलणारा माणसांची, आणि दोघेही आपापल्या जागी खरे ठरतात.

कागद कमी होण्याचे मी मनापासून स्वागत करतो. २०१७ साली केंद्र सरकारने नऊ कामगार कायद्यांखालची ५६ नोंदपुस्तके ५ वर आणली. त्याआधी आठ माणसांच्या कारखान्यातही दंडाचे वेगळे, कपातीचे वेगळे, उचलीचे वेगळे आणि जादा कामाचे वेगळे असे रजिस्टर ठेवावे लागे. दंडाच्या रजिस्टरमध्ये मी वर्षानुवर्षे दर महिन्याला ‘निरंक’ एवढाच शब्द लिहीत आलो, कारण त्या कारखान्यांत कोणाला कधी दंड झालाच नव्हता. पण ते रजिस्टर जागेवर नसले तर तपासणीच्या दिवशी मालकाचा अर्धा दिवस जाई आणि कधीकधी नुसत्या वेळेवर भागतही नसे. ती रजिस्टरे बंद झाली तेव्हा एकाही कामगाराचा एक रुपयाही कमी झाला नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना पुरेशी ठरवणारी सोय महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिली, तीही सूचनेपुरती याच जातीची होती. अशी शिथिलता जितकी होईल तितकी हवी.

दुसरे काम संख्येच्या रेषेचे आहे. आपले बहुतेक कामगार कायदे अमुक इतकी माणसे असतील तरच लागू होतात, आणि शिथिलतेच्या नावाखाली बहुतेक वेळा ही रेषाच वर सरकवली जाते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची रेषा १० कामगारांची होती. महाराष्ट्राने ती पुढे २० वर नेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर देशभरासाठीच ती विजेसह २० आणि विजेविना ४० अशी झाली. दुकानांच्या बाबतीत राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ही रेषा १० वरून २० वर नेण्यास मंजुरी दिली, रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तास केली आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेली. कारखाना बंद करणे आणि कामगार कपात यांसाठी सरकारी परवानगीची रेषा १०० वरून ३०० झाली, त्यावर वर्तमानपत्रांत सर्वाधिक लिहिले गेले. पण तुमच्या वडिलांच्या किंवा माझ्याकडच्या कोणाच्याही कारखान्याशी तिचा संबंध नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो.

रेषा सरकली की काय होते ते दुकानाच्या उदाहरणाने सांगतो. कापडाच्या मोठ्या दुकानात १४ विक्रेते आहेत असे धरा. २०१७ च्या कायद्याने त्यांना वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा, ८ सणांच्या पगारी सुट्ट्या आणि कामाच्या दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा दिली होती. रेषा २० वर गेली की या राज्य कायद्याचा हा आधार त्यांच्या पायाखालून निघतो. किमान वेतन राहते, कारण ते एकच माणूस कामाला असला तरी लागू असते. पण मुलगा तापाने फणफणला म्हणून घेतलेली सुट्टी आता हक्काची उरत नाही, ती मालकाच्या स्वभावावर अवलंबून राहते. बहुतेक मालक चांगले असतात, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही चांगल्या मालकाकडे मागावी लागणारी रजा आणि कायद्याने मिळणारी रजा यांत फरक आहे, आणि तो फरक मागणाऱ्यालाच कळतो.

याच्या बदल्यात रोजगार वाढतो, असे सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य आहे. एकाच छपराखाली एक फर्म स्वतःच्या नावावर आणि दुसरी पत्नीच्या नावावर, दोन वीजमीटर, दोन जीएसटी विवरणपत्रे, मधोमध पत्र्याची भिंत, अशी व्यवस्था केवळ रेषेच्या आत राहण्यासाठी करणारे मालक मी पाहिले आहेत, आणि रेषा वर गेल्यावर त्यांतल्या एकाने ती भिंत पाडून दोन्ही फर्म एकत्रही केल्या. त्याचा खर्च वाचला, हे खरेच. पण रेषा सरकली म्हणून नवा माणूस घेतला, असे माझ्याकडच्या एकाही मालकाने केलेले नाही. माणूस घेतला जातो तो ऑर्डर आल्यावर आणि मागच्या ऑर्डरचे पैसे हातात पडल्यावर.

नियमातून सुटलेला मालक खरोखर सुटतो का, हे २०२१ च्या पावसाळ्यात मला कळले. माझ्याकडच्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला १४ माणसे होती आणि हजेरीपत्रकावर ९. ईएसआयची रेषा तेव्हाही १० होती आणि आजही १० आहे, म्हणून तो आकडा ९ वर थांबवलेला होता. ते हजेरीपत्रक मीच दरमहा तयार करत होतो आणि उरलेल्या पाच जणांविषयी मी मालकांना कधी विचारले नाही, याची टोचणी मला आजही आहे. ऑगस्टमधल्या एका दुपारी पन्नास टनी प्रेसवर काम करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या ऑपरेटरची तर्जनी आणि मधले बोट गेले. पत्रा डायमध्ये (साच्यात) सरकवायला अडचण होते म्हणून पुढची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मी पोहोचलो तेव्हा प्रेस बंद होती, पायाच्या पेडलवर त्याची एक चप्पल तशीच पडलेली होती आणि मालक हातात त्याचा जेवणाचा डबा घेऊन दाराशी उभे होते. तो डबा कोणाला द्यायचा हे त्यांना सुचत नव्हते.

पुढचा हिशोब मी स्वतः केला. त्याचा पगार १४,००० रुपये होता. ईएसआय असती तर मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे महिन्याला ४५५ रुपये, आणि त्याची स्वतःची कपात ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये झाली असती. सगळ्या चौदा जणांचे पगार तेवढेच धरले तरी मालकाचा खर्च महिन्याला ६,३७० रुपये झाला असता. विमा नसल्यामुळे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाने सगळी जबाबदारी मालकावर आली. दोन बोटांसाठी कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट धरली जाते. पगाराचे ६० टक्के, वयानुसार ठरलेला २१६.९१ हा गुणक आणि हे २० टक्के यांचा गुणाकार केला की रक्कम सुमारे ३ लाख ६४ हजार रुपये होते. चौदाही जणांच्या जवळजवळ पावणेपाच वर्षांच्या वर्गणीइतकी रक्कम एकाच दुपारी डोक्यावर आली. खासगी दवाखान्याचे बिल त्याहून वेगळे होते. मालकांनी हात वर केले नाहीत. गावाकडच्या जमिनीवर कर्ज काढून त्यांनी सगळे पैसे दिले. पण त्या मुलाला ईएसआयमध्ये उपचार सुरू असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम आणि नंतर आयुष्यभर त्या प्रमाणात मासिक लाभ मिळाला असता, तो मिळाला नाही. एकरकमी पैसे घरावरच्या कर्जात गेले आणि तो आता पॅकिंगमध्ये कमी पगारावर काम करतो.

म्हणून मला वाटते की लहान मालकाला खरोखर जड जाणारे ओझे आणि नियम म्हणून दिसणारे ओझे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्याकडच्या मालकांची महिन्याच्या पाच-सहा तारखेची झोप उडवते ती थकलेली येणी. मोठी खरेदीदार कंपनी माल घेते आणि पैसे ९० ते १२० दिवसांनी देते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हा नियम लहान उद्योगाच्या बाजूचा आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो, कारण सरकारी पोर्टलवर तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, ही भीती प्रत्येकाला असते. आयकर कायद्यात २०२३ साली आलेल्या तरतुदीमुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीत दाखवता येत नाही. मार्च २०२४ मध्ये माझ्याकडच्या काहींची जुनी थकबाकी त्यामुळे अचानक जमा झाली. तक्रार न करता पैसे आले, कारण नियम खरेदीदाराच्या करावर बसला होता. पगार सातऐवजी अठरा तारखेला होतो आणि ओव्हरटाइम पुढच्या महिन्यावर जातो, तेव्हा त्याचे मूळ बहुधा अशाच एखाद्या अडकलेल्या बिलात असते. लहान उद्योग आणि त्याचा कामगार या दोघांना एकाच वेळी वर उचलणारा उपाय शोधायचा असेल, तर तो इथे नियम घट्ट करण्यात आहे.

आता तुमच्या वडिलांविषयी. १२ माणसांचा कारखाना नव्या व्याख्येत ‘कारखाना’ ठरत नाही, त्यामुळे कारखान्यासाठीच्या परवान्यातून ते बाहेर आहेत, आणि ती सवलत त्यांनी निःसंकोच घ्यावी. ईएसआय मात्र त्यांना लागूच आहे. ‘आता वीसच्या आत आहोत’ असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये. सगळी बारा नावे हजेरीपत्रकावर घ्या आणि प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्या. पीएफ वीस माणसे झाली की बंधनकारक होतो, पण मालक आणि बहुसंख्य कामगार यांची तयारी असेल तर आधीही घेता येतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर या आठवड्यात करून टाका आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा.

आणि प्रेस किती टनांच्या आहेत, क्लच कोणत्या प्रकारचा आहे, हे कळवलेत तर गार्डविषयी नेमके सांगता येईल. पिन क्लचच्या जुन्या प्रेसवर दोन हातांच्या बटणांवर विसंबू नका, तिथे जाळीचा पक्का गार्डच लावावा लागतो, कारण एकदा सुटलेला स्ट्रोक मध्येच थांबत नाही.